वाचून दाखवण्यात आले

बाबाच्या टाकाले 'तू' लिहिता येत नव्हतं. तोंडानं बाबा साऱ्या गावाले तू म्हणे, गाव बाबाले तू म्हणे, आम्ही पोरं बापाले तूच म्हणत होतो, अन् त्यात कोणाचा मान गेला असं कधी वाटलं नाई. आमच्या झाडीपट्टीत 'तू' म्हणजे दाराजवळच्या रांजणातलं पाणी, कोणीबी यावं अन् गडू बुडवावा. पण ओट्यावर चटई टाकली, लाकडी पेटी मांडीसमोर आली, दौतीत टाक बुडला, की बाबा दुसऱ्या मुलखात निघून जाये. तिथी तू नाई, तुम्ही नाई, 'आपण'सुद्धा नाई. "कागदावर कोणाकडं बोट दाखवाचं नाई, सुमे," तो म्हणे. "साहेबाले समोरून भिडाचं नाई, बाजूबाजूनं चालाचं. 'सरकारांनी मेहेरबान व्हावे.' 'हुजुरांचे नजरेस यावे.' असं लिव्हाचं का जसा साहेब त्या खोलीत नाईच." अन् साहेब नाई तं नाई, लिहिणाराबी तिथी नसे. 'मी' कुठीच नसे. असे तो 'अर्जदार'. मले लहानपणी वाटे, का त्या ऑफिसात एक रिकामी खोली असन, तिथी एक रिकामी खुर्ची, अन् तिच्यापुढं नुसता कागदच हात जोडून उभा असन.

बाबा सरकारी परवान्याचा अर्जनवीस होता. परवाना काचेत घालून देवाच्या शेजारी टांगला होता, अन् दिवा लावताना आईचा हात दोघाईपुढून फिरे. गडचिरोलीहून चांद्याले जाणाऱ्या सडकेवरचं आमचं गाव. एक शाळा, एक कंपाऊंडर, लाकडाचा सरकारी डेपो अन् रेंजर साहेबाचं ऑफिस. त्या ऑफिसावरच आमची चूल चाले. कोणाची कुऱ्हाड जप्त झाली, कोणाच्या म्हशी राखीव जंगलात शिरल्या, कोणाले घरासाठी बल्ल्या पाह्यजे, सारे आमच्या ओट्यावर. जंगलातले लोक कोंबड्याच्या बांगेले निघत, उन्हं चढता चढता पोचत, ओट्याखाली उकिडवे बसत, अन् आई त्याईले आधी पाणी देये. पाण्यासंगं कधी गुळाचा खडा, कधी शिजवलेल्या लाखोळीची मूठभर उसळ. आमच्या घरात लाखोळीच्या डाळीचा, जवसाच्या चटणीचा अन् शाईचा वास असा मिसळून गेल्ता का लग्न होऊन मी सासरी गेली तवा तिथली डाळ मले अळणी लागली. लई दिवसानं समजलं, मीठ बराबर होतं, शाईच नव्हती.

मी होती नकल्या. आता म्हातारपणी सांगाले लाज काऊन वाटू देऊ? गावात दंडारीचा खेळ आला का मी पुढं बसून सोंगाड्याच्या तोंडाकडं पाहे, अन् दुसऱ्या दिवशी विहिरीवर तोच सोंगाड्या माह्या अंगात. हेडमास्तर 'शांऽत बसा' म्हणताना आधी नाकातून एक हवा सोडत, ती हवा मी सोडे. नाकेदार, म्हणजे जंगलाचा शिपाई, त्याच्या बुटाची करकर मी जिभेनं काढे अन् ओट्याखाली बसलेले लोक खरंच मागं वळून पाहत. बाबाची खोकल्याची ढासही मी काढे. एकदा स्वयंपाकघरात काढली तं आई आतूनच ओरडली, "अवो, काढा घेतला का नाई?" अन् पाहते तं मी. तिनं उलथनं फेकून मारलं. "मेली राघू! बापाचा दमा का खेळाले भेटला तुले?" पण तोंड फिरवून हासली. आता माह्या तोंडात कवळी आहे. नात म्हणते, "आजी, हेडमास्तर कर ना," तं ती नाकातली हवा निघते, पण पुढचे शब्द कवळीच खाऊन टाकते.

बाबाच्या दम्यानंच मले कामाले लावलं. अर्ज लिहून झाला का तो अर्जदाराले वाचून दाखवणं हा कायदा होता. शेवटची ओळ ठरलेली: 'अर्ज अर्जदारास वाचून दाखवण्यात आला, समजला, बरोबर आहे म्हणून निशाणी अंगठा.' त्याच्याखाली काळा अंगठा, अन् त्याच्याखाली बाबाची सही. लिहाले बाबाले श्वास लागत नव्हता, पण वाचाले लागे. दोन ओळी वाचल्या का ढास, अन् ढास आली का अर्धा घंटा गेला. म्हणून मी सातवीत गेली तसं बाबानं वाचणं माह्याकडं देल्लं. तो लिही, मी वाची, आई अंगठ्याले शाई लावी. कोणी वाचलं हे कागद कधी विचारत नव्हता. 'वाचून दाखवण्यात आला', बस. जसं वाऱ्यानं वाचलं.

पण खरं सांगते, त्या लोकाईले ते समजत नव्हतं. मी खणखणीत वाची, 'नम्र विनंती ऐसीजे', अन् तो माणूस असा बसे का जसा पाहुणा दुसऱ्याच्याच मांडवात येऊन बसला. स्वतःचीच गोष्ट ऐकून त्याच्या डोळ्यात काई हालत नसे. मग मी वाचून झालं का कागद खाली ठेवी अन् त्याच्याच बोलीत, त्याच्याच आवाजात सांगी, का बाप्पा असं असं लिहिलं हाये. तेव्हा कुठी तो मान हालवी. बाबाले हे माहीत होतं. तो म्हणे, "आधी जसं हाये तसं वाच. मग समजव. पण आधी जसं हाये तसं." हा 'आधी' त्यानं मले किती वेळा सांगितला असन! अन् पुढं पुढं मी तो 'आधी' गिळाले लागली. दोनदा कोण वाचन? लोक माह्या नकलेले हासत, पोरं ओट्याभोवती जमत. मले कागदापेक्षा ते हासू पाह्यजे होतं.

त्या उन्हाळ्यात मंगरू मडावी आला. तीन कोसावरच्या टोल्यातला, छोट्या वस्तीतला गोंड माणूस, बाबापेक्षा चार-सहा वर्षानं मोठा. मी त्याले आधीपासून ओळखत होती. तेंदूची टेंभरं पिकली का तो बाजाराले जाता जाता आईच्या सुपात ओंजळभर टाकून जाये, अन् मी त्याले मंगरूदादा म्हणत होती. एरवी तो ओट्यावर बसे. त्या दिवशी खाली बसला, मातीत.

"काऊन रे मंगरू, खाली काऊन बसला?" बाबानं विचारलं.

"बैल कोंडवाड्यात हाये," तो म्हणाला. "तिसरा दिवस आज. चारा नाई टाकून राह्यले."

गोष्ट अशी होती. त्याची बायको मागच्या साली गेली. लेक दुसऱ्या गावी देल्लेली. लेक म्हणाली, बाबा, एकटा काऊन राह्यतं, माह्या घराजवळ घर बांध. म्हणून त्यानं आपलं जुनं घर उकललं, सागाचे खांब अन् छताच्या मयाली गाडीत भरल्या अन् निघाला. सडकेवर नाकेदारानं गाडी धरली. सागवान चोरून नेतं म्हणून बैल, गाडी, लाकूड, सारं जप्त.

"माहं घर हाये ते," मंगरूदादा म्हणाला. "माह्या आज्यानं तोडलं होतं लाकूड. चुलीचा धूर खाऊन खाऊन काळं झालं हाये. जंगलातलं झाड काळं असते का, तूच सांग? मी नाकेदाराले म्हणलो, तू हात लाव, पाह्य. त्यानं मले थापड मारली. म्हणे, मले तू म्हणतं?"

"म्हणू नाई ना बाप्पा," बाबा म्हणाला.

"मंग का म्हणू? आमच्यात निमा म्हणते. देवालेबी निमा म्हणते. निमा म्हणजे तू. दुसरं नाईच आमच्यापाशी."

बाबा लई वेळ टाक हातात धरून बसला. मग त्यानं पाच-सहा ओळी लिहिल्या. शाई सुकाले वाळूची चिमूट टाकली, फुंकली, अन् फुंकल्याबरोबर त्याले ढास आली. आईनं आतून अडुळशाचा काढा आणला अन् त्याले धरून आत नेलं. जाता जाता तो मले बोटानं खूण करून सांगे, वाच, नीट वाच. दारातून त्यानं एवढंच काढलं, "त्याले नीट समजव, सुमे. बैल सुटले पाह्यजे आधी."

मी कागद उचलला. 'मेहेरबान रेंजर साहेब यांचे हुजुरास, अर्जदार मंगरू मडावी याची नम्र विनंती ऐसीजे, अर्जदार हा अशिक्षित व जंगली मनुष्य असून कायद्याच्या अज्ञानामुळे त्याजकडून कसूर घडली आहे व ती त्यास कबूल आहे. सरकार मायबाप आहेत. हुजुरांनी दया करून बैल व गाडी मोकळी करण्याचा हुकूम व्हावा.' मी पहिल्या 'अर्जदार' शब्दापर्यंतच मोठ्यानं वाचलं. मंगरूदादा माह्या तोंडाकडं पाहून राह्यला होता.

"हा अर्जदार कोन हाये?" त्यानं विचारलं.

"तूच, दादा."

"मी नाई." तो म्हणाला, अन् मान खाली घातली. तीन दिवसाचा उपाशी असन तो, बैलासंगं. शेजारची दोन-तीन पोरं ओट्याच्या कोपऱ्यावर येऊन बसली होती, आता सुमी काईतरी करन म्हणून.

अन् मी केलं. कागद डोळ्यापुढं धरला, गळा खाली उतरवला, मंगरूदादाचा तो घोगरा, तुटक आवाज काढला अन् जसं काई कागदातूनच वाचून राह्यली असं म्हटलं, "ओ साहेब! जोहार घे. तू खुर्चीवर हायेस, मी भुईवर हावो, पण लाकूड माहं हाये. माह्या आज्यानं तोडलं, बापानं चढवलं, बायकोच्या चुलीनं काळं केलं. तू ये. हात लाव. तुहा हात काळा नाई झाला तं माहे बैल ठेवून घे!"

पोरं टाळ्या वाजवून हासली. मंगरूदादाची मान वर आली. त्याचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. "असं लिव्हलं?" तो म्हणाला. "तुह्या बापानं असं लिव्हलं? पुन्हा वाच, बाई." मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा आणखी रंगवून. तो प्रत्येक तुकड्याले "हव" म्हणत गेला, जसा देवळात हुंकार भरते तसा. मग स्वतःहून त्यानं अंगठा शाईत बुडवला अन् एवढ्या जोरानं कागदावर दाबला का मागच्या बाजूनं उमटला.

त्या कागदात 'कसूर' होती, 'कबूल' होतं, हे मी पाह्यलं होतं. नाई पाह्यलं असं म्हणत नाई मी. डोळ्यानं ती ओळ गेली होती अन् मी तिच्यावरून उडी मारली, कारण ती सांगतली असती तं त्याचं तोंड पुन्हा खाली गेलं असतं, अन् पोरं उठून गेली असती. तेराव्या वर्षी माणसाले वाटते, हासलं म्हणजे भलं झालं.

अर्ज गेल्यावर चौथ्या दिवशी साहेबानं बोलावलं. अर्जनवीसानं संगं राहावं असा निरोप होता, अन् बाबाले वाटेत ढास आली तं पाणी पाजाले म्हणून मी गेली. ऑफिसाच्या ओसरीत साहेब खुर्चीवर, बाजूले बाबू, खाली चपराशी. अंगणात मंगरूदादाचं लाकूड रचलं होतं. मी तेव्हाच ते पहिल्यांदा पाह्यलं. काळंभोर, गुळगुळीत. एका खांबाले एक खुंटी तशीच राह्यली होती, अन् खुंटीच्या खाली सूप घासून घासून झालेली एक फिकी रेघ. कोणाबी बाईनं पाह्यली असती तं म्हणाली असती, हे घर हाये. पण तिथी बाई मी एकटीच होती, अन् मी अजून बाई नव्हती.

बाबूनं अर्ज वाचला. 'कसूर घडली आहे व ती त्यास कबूल आहे' इथपर्यंत आला अन् साहेब म्हणाला, "ठीक आहे. कबूलच करतोय तर वाढवायचं कशाला?"

"नाई," मंगरूदादा म्हणाला.

"काय नाही?"

"त्यानं चुकीचं वाचलं. तसं नाई लिव्हलं. तू बराबर वाच साहेब. 'तू ये, हात लाव, तुहा हात काळा नाई झाला तं माहे बैल ठेवून घे,' असं लिव्हलं हाये."

चपराशी फुस्सकन हासला. बाबू हासला. मी बाबाकडं पाह्यलं. बाबाले अजून काईच समजलं नव्हतं. तो मंगरूकडं असा पाहून राह्यला होता जसा मंगरू तापात बरळून राह्यला.

साहेब हासला नाई. त्यानं कागद पुढं केला. "कुठं लिहिलंय? दाखव मला."

मंगरूदादानं कागद घेतला. उलटा धरला. मग त्याले आपला अंगठा दिसला, अन् त्यानं त्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "इथी," तो म्हणाला. "हे पाह्य. हे मीच हावो. मी दोनदा ऐकलो अन् मंग अंगठा देल्लो."

साहेबानं बाबाकडं मान वळवली. आवाज चढवला नाई. चढवला असता तं बरं झालं असतं. "इथं लिहिलंय, वाचून दाखवण्यात आला. वाचला होता की नाही? खोटं लिहिलं असेल तर परवाना आजच इथं ठेवून जायचा."

"वाचून दाखवण्यात आला होता, हुजूर," बाबा म्हणाला, अन् त्याले ढास आली.

"कोणी वाचला?"

बाबाले बोलता येईना. तो वाकला, एक हात छातीवर, अन् दुसऱ्या हाताचं बोट त्यानं माह्याकडं केलं. साऱ्या जिंदगीत 'कोणाकडं बोट दाखवाचं नाई' म्हणणाऱ्या माह्या बाबाचं ते बोट.

सारे माह्याकडं पाहून राह्यले. मंगरूदादाबी पाहून राह्यला, पण त्याच्या तोंडावर भेव नव्हतं. उलट तो निवांत झाला होता. आता सुमी आली, आता ही सांगन. त्यानं मान हालवली, सांग म्हणून.

अन् माह्या तोंडातून बाबाचा आवाज निघाला. खोकल्याशिवायचा, कागदावरचा. दोन्ही हात जोडलेले, नजर साहेबाच्या बुटावर. मी म्हटलं, "अर्जदारास अर्ज वाचून दाखवण्यात आला, हुजूर. अर्जदारास समजला."

बाबू म्हणाला, "वा! पोरगी बापाच्या वर जाईल." साहेबाच्या कपाळावरची आठी गेली. माह्या साऱ्या नकलात ती सगळ्यात साधली, हे मले तेव्हाच समजलं होतं. अन् त्या वाक्यात मी कुठीच नव्हती. कोणी वाचला, काय वाचला, काईच नव्हतं. किती चांगली जागा आहे ती लपाले! बाबानं आयुष्यभर गरिबाईले वाचवाले ते वाक्य वापरलं, मी स्वतःले वाचवाले.

मंगरूदादा काई रागावला नाई. तो माह्याजवळ आला नाई. जिथी होता तिथूनच म्हणाला, "बाई, तूच तं वाचली ना." एवढंच. चपराशानं त्याले खांद्याले धरून खाली बसवलं.

हुकूम झाला. कसूर कबूल आहे, सबब बैल अन् गाडी मोकळी, लाकूड सरकारजमा. म्हणजे बाबानं जे मागतलं होतं ते बराबर भेटलं. बैल त्याच दिवशी सुटले. बरगड्या मोजून घ्या असे. मंगरूदादानं रिकामी गाडी जोडली अन् आमच्या घरापुढून गेला. आई दारात पाण्याचा गडू घेऊन उभी होती. तो थांबला नाई.

घरी आल्यावर बाबा चटईवर बसला. आईनं ताट वाढलं, तांदळाची भाकर अन् लाखोळीचं पिठलं. त्यानं हात धुतला नाई. "सुमे," तो म्हणाला, "तो वेडा नाई. मी त्याले वीस वर्षापासून ओळखतो. तू काय वाचली?"

मी सांगतलं. सारं, त्याच आवाजात नाई, माह्या आवाजात. आवाज सापडतच नव्हता. बाबा मारन असं वाटलं. त्यानं मारलं नाई. तो म्हणाला, "अन् मी त्याले विचारलं तरी कुठी? बैल लवकर सुटन म्हणून मीच त्याले चोर लिव्हला."  पिठल्यावर साय धरली.

आई म्हणाली, "उद्या जाऊन साहेबाले सांगा खरं काय ते."

"सांगतो. अन् परवाना गेला तं चुलीत काय टाकशीन?"

आई परवान्याकडं पाहून राह्यली. म्हणाली, "त्याच्या घराचं लाकूड तं नाई टाकलं ना अजून आपण. गप बसलो तं तेच टाकल्यासारखं होईन."

बाबा दुसऱ्या दिवशी टोपी घालून निघाला. मी ओट्यावरून पाहून राह्यली होती. तो ऑफिसच्या फाटकापर्यंत गेला, तिथी उभा राह्यला, जसा माणूस खोकला थांबाची वाट पाहते. पण तो खोकलून नव्हता राह्यला. मग वापस आला. टोपी खुंटीले टांगली. त्यावरून आई त्याले कधी बोलली नाई, अन् तेच त्याले लागलं. मी बोलली असती तं मले काय तोंड होतं?

त्यानंतर बाबा सारे अर्ज स्वतः वाचाले लागला. दोन ओळी, ढास, पुन्हा दोन ओळी. एकेका अर्जाले सकाळ जाये. अन् वाचून झालं का अर्जदाराले म्हणे, "आता तू सांग. काय लिव्हलं?" तो माणूस आपल्या बोलीत सांगेपर्यंत शाईची डबी उघडत नसे. हे कोणत्या कायद्यात नव्हतं. लोक कंटाळत, दुसऱ्याकडं जात. मी ओट्याच्या आत, दाराआड बसून ऐकत राही. मले वाचाले कोणी बोलावलं नाई, अन् नक्कल कर म्हणूनबी कोणी म्हटलं नाई. विहिरीवर पोरी म्हणत, सुमीले का झालं वो, राघू मुकी झाली.

ते लाकूड डेपोत गेलं. शाळेचा रस्ता डेपोवरूनच. नव्या पिवळ्या सागवानाच्या थप्पीत ते काळे खांब दुरून दिसत. पावसाळाभर तिथीच होते. धूर धुपत गेला, काळ्याचं करडं झालं, खुंटी कोणीतरी काढून नेली. मग एक दिवस लिलाव झाला अन् जागा रिकामी.

मी पुढं मास्तरीण झाली. तीस वर्ष पोराईले अर्जलेखन शिकवलं. 'अर्जात तू, तुम्ही असे शब्द घालू नयेत' हे फळ्यावर मीच लिहिलं, अन् ज्या पोरानं घातले त्याचे लाल शाईनं खोडले. एकदा अहेरीकडच्या एका पोरानं लिहिलं होतं, 'सर, माझी माय बिमार आहे, तू मले सुट्टी दे.' मी लाल शाईचा पेन उचलला अन् खाली ठेवला. त्याले पुरे मार्क देल्ले. हेडमास्तरानं विचारलं तं म्हटलं, चुकून देण्यात आले.

मंगरूदादा मले एकदाच भेटला. माह्या लग्नानंतर, माहेरच्या बाजारात. चारोळ्याची टोपली घेऊन बसला होता. मी टाळून जाणार होती, पण त्यानंच हाक मारली. "जोहार, बाई. मोठी झाली." लेकीच्या घराले लागून कुडाची झोपडी टाकली म्हणाला. ठीक हाये म्हणाला. द्रोणात चारोळ्या भरून माह्या हातात देल्ल्या. त्याचा आवाज बसला होता, नुसती हवा निघे. गळ्याले हात लावून तो म्हणाला, "हे गेलं. तू करत होती ना माहा आवाज? अजून हाये का तुह्यापाशी? कर बरं. ऐकू दे मले."

त्यानं टोमणा मारला नव्हता. खरंच ऐकाचं होतं त्याले. मी तोंड उघडलं. गळा खाली उतरवला. 'ओ साहेब' एवढं आलं अन् पुढं काईच आलं नाई. तो वाट पाहून राह्यला, मग म्हणाला, "राहू दे. बजारात काऊन रडतं?" अन् दुसऱ्या गिऱ्हाइकाले चारोळ्या मोजाले लागला.

हे प्रकरण मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा शेवट कागदासारखाच झाला, 'चूक झाली', 'दुःख वाटते', कोणाले, कोणाची, पत्ता नाई. म्हणून आता बाजूबाजूनं चालत नाई.

मंगरूदादा, तू आता कुठीच नाईस, तरी तुलेच सांगते. तुह्या कागदात तुले चोर लिव्हलं होतं. ते मले दिसलं होतं. मी तुले ते वाचून नाई दाखवलं. अन् साहेबापुढं तू माह्याकडं पाह्यलं तवा मी तुले खोटा पाडला. मी. सुमीनं. कागद तुह्यापुढं ठेवला हाये, दादा. यावेळी जसा हाये तसाच वाचला. आता तू सांग, काय लिव्हलं.